दोन फूट जास्त पाणी

२३ एप्रिल, रविवार

आज प्रवचन संपल्यावर पास्टरांनी नावं वाचली. पेंटेकॉस्ट सणाच्या रविवारी बाप्तिस्मा घेणारे पाच जण, त्यांत आमची नात जोलीन. माझ्या बायकोने, लिओनाने, रुमाल काढला. मीही नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

पण पुढचं ऐकून डोकं फिरलं. बाप्तिस्मा म्हणे आतच उरकू, व्यासपीठामागच्या टाकीत. त्या टाकीला गरम पाण्याचा नळ आहे. आमचे पणजोबा रशियातून बोचकी घेऊन ओक्लाहोमात आले ते काय कोमट पाण्यात बुडी मारायला? माझा बाप्तिस्मा ओढ्यात झाला, दात वाजत होते. जोलीनच्या बापाचा आमच्या धरणाच्या तळ्यात झाला. मी उभा राहून हे सगळं सांगितलं. चर्चचा डीकन आहे, लोकांची विचारपूस मीच करतो, तेवढा हक्क आहे मला. पास्टर तरुण आहेत, वयाने आणि अकलेनेही. म्हणाले, "रूबेनभाऊ, तळ्यात गाळ किती साचलाय. मागच्या बाप्तिस्म्याला रुतलेला केव्हिनचा बूट अजून तिथेच आहे." लोक हसले. मी हसलो नाही. शेवटी माझ्यावर सोपवलं, तुम्ही जागा नीट करून दाखवा, मग बघू.

गाडीत जोलीनला विचारलं, "टाकीत बुडायचंय का तुला?" ती म्हणाली, "मला कुठेही चालेल, आजोबा." लाजाळू पोर आहे. मनातलं बोलत नाही. तिच्या वतीने मलाच बोलावं लागणार.

२६ एप्रिल

धरणावर जाऊन आलो. सरकारी कागदावर त्याला नुसता आकडा आहे, पण सगळे एडिगर धरणच म्हणतात, कारण जमीन माझ्या बाबांनी दिली. मातीचा लांब भराव, वर गवत. तळ्यात एक काँक्रीटचा चौकोनी मनोरा आहे. पाणी त्याच्या खिडक्यांपर्यंत चढलं की आत पडतं आणि नळातून भरावापलीकडे ओढ्यात जातं. खिडक्यांच्या वरची जागा कायम रिकामी ठेवायची, पुरासाठी. पुराचं पाणी इथे अडतं, सावकाश जातं, आणि खाली कुणाचा उंबरा भिजत नाही. हे मला कुणी शिकवायला नको. पाणलोट मंडळावर मी वीस वर्षं आहे.

पास्टरांचं गाळाचं म्हणणं खरं निघालं. पाण्यात पाय टाकला तर पोटरीपर्यंत रुतला. पण पूर्वेच्या काठावर, पाण्याच्या रेषेवर, चांगली घट्ट हिरवळ आहे. उतारही मंद. पाणी दोन फूट वर आलं तर ती जागा मुद्दाम बांधल्यासारखी होईल. दोन फूट म्हणजे काय मोठंसं.

३० एप्रिल, रविवार

डीकन म्हणून वेस पेनरकडे जावं लागलं. ट्रॅक्टरने शेजाऱ्याचं कुंपण पाडलं आणि महिनाभर मिठाची गुळणी धरून बसला. त्याला म्हटलं, "चूक लवकर सांगितली तर हलकी असते, वेस. ठेवून दिली की जड होत जाते." तो रडकुंडीला आला. घरी येऊन लिओनाला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं वाक्य आहे. लिहून ठेव." म्हणून लिहून ठेवतोय.

५ मे

चर्चमध्ये खुर्च्या आल्या तेव्हा जुने बाक मोडले. त्यांच्या पाठीच्या ओकच्या फळ्या मी शेडमध्ये ठेवल्या होत्या. इतकं चांगलं लाकूड कोण फेकतं? आज त्यातल्या सहा होडीत घालून नेल्या आणि मनोऱ्याच्या खिडक्यांना बाहेरून लावल्या. खिळा मारायचीही गरज नाही, पाणी चढेल तसं पाणीच दाबून धरील. वर थोडी फट ठेवली आहे. मी काही अगदीच मूर्ख नाही.

लिओनाने स्वयंपाकघरातून हटकलं. "शेडमधून काय नेलंस?"

"फळ्या."

"कशाला?"

"कामाला."

तिने पुढे विचारलं नाही. हे तिचं मला आवडतं.

९ मे

शनिवारच्या सरींनी काम केलं. पाणी हिरवळीवर आलंय. नितळ, तळाचं गवत दिसतं. मी काठावर उभा राहून शर्टाची बटणं उगाच नीट केली.

तेवढ्यात वर्लिन मॅशबर्न आला. मंडळाचा माणूस, धरणांवरचं गवत कापतो, मनोऱ्याच्या जाळ्यांत अडकलेला काडीकचरा काढतो. आमच्या चर्चचा नाही, कुठल्याच चर्चचा नाही, पण प्रामाणिक आहे. होडी सोडत होता. मी म्हटलं, "रविवारपर्यंत होडी घालू नकोस, गाळ ढवळेल. बाप्तिस्मा आहे."

तो बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "पाणी चढलंय, मिस्टर एडिगर."

"पाऊस झाला ना."

"झाला असेल," म्हणाला, आणि होडी परत ट्रकवर चढवली. भला माणूस, पण जरा मंद.

१४ मे, पेंटेकॉस्ट

हा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळा गाव काठावर, चार सुरांत गाणं, आणि पाणी बरोबर कंबरेपर्यंत. जोलीन पांढऱ्या झग्यात खाली गेली आणि वर आली. थंडीने थडथडत होती. मी तिला टॉवेलात गुंडाळलं. ती म्हणाली, "झालं ना आता, आजोबा?" मी म्हटलं, झालं.

पास्टर सगळ्यांसमोर म्हणाले, रूबेनभाऊंनी जागा शोधली म्हणून हे झालं. लोकांनी हात मिळवले. ऑर्फा उन्रूसुद्धा काठी टेकत आली. धरणाच्या अगदी खाली, ओढ्याकाठी तिचं घर. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मंडळावर तीच बसते. मंडळावर आम्ही तिघंच, ती, मी आणि हार्लन टॅगार्ट. तळ्याकडे बघून म्हणाली, "एवढं पाणी इथे कधी नव्हतं रे, रूबेन."

मी म्हटलं, "देवाची कृपा, ऑर्फाबाई."

हे म्हणायला नको होतं.

१७ मे

फळ्या काढायच्या राहिल्यात. गवताची कापणी अंगावर आहे, उद्या बघू. आणि खरं सांगायचं तर काढवत नाहीत. भरलेलं तळं शोभतं. संध्याकाळी दोन गाड्या मुद्दाम थांबून बघून गेल्या.

१९ मे

काल रात्रभर पाऊस. असा पाऊस मी पाहिलेला नाही. पहाटे धरणावर गेलो तर सांडवा वाहत होता. धरण बांधल्यापासून जिथे फक्त गाई चरल्या त्या गवतावरून पाणी धबाधबा खाली चाललं होतं, ओढ्याकडे, ऑर्फाच्या घराकडे.

तिच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरलं. वर्लिन माझ्या आधी पोहोचला होता. त्याने तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. ती जिवंत आहे. कोंबडी एकही नाही. खुराड्याला कडी लावलेली होती, त्यांना बाहेर पडता आलं नाही.

मी बाहेर ट्रकमध्ये बसून राहिलो.

२० मे

पाणी ओसरलं तसा होडी घेऊन मनोऱ्याकडे गेलो. फळ्यांना फांद्या, मक्याची धाटं, कुंपणाच्या तारा असं सगळं गच्च चिकटलं होतं. वर ठेवलेली फट केव्हाच बुजलेली. आत थेंब जात नव्हता. चार फळ्या ओढून काढल्या आणि ताडपत्रीखाली घातल्या. दोन नव्हत्याच. सांडव्यावरून गेल्या असणार.

कचरा ओढत होतो तेव्हा काठावरून हार्लन ओरडला. "बीव्हर ना? सांगत होतो मी, वरच्या ओढ्यात ते झाडं कुरतडून पाणी अडवणारे राक्षस आलेत म्हणून. सगळी खिडकी बंद केली हरामखोरांनी."

मी नुसती एक फांदी उचलून त्याला दाखवली. खोटं बोललो नाही मी. हे वाक्य तिसऱ्यांदा लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. खोटं बोललो नाही. फांदी दाखवली.

२२ मे

वर्लिन घरी आला. टोपी हातात. लिओनाने कॉफी दिली, ती त्याने प्यायलीच नाही. म्हणाला, "चूक माझी आहे, मिस्टर एडिगर. माझं काम होतं ते. दर आठवड्याला होडीने जाऊन बघायचं. मी गेलो नाही."

होडी घालू नकोस असं मीच त्याला सांगितलं होतं. त्याने त्याचा उल्लेखही केला नाही. विसरला असेल. रविवारपर्यंतच म्हटलं होतं मी तरी, पुढे तो मोकळा होता. पण तो माझी माफी मागत होता आणि मी, देवा, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "होतं असं कधीकधी."

तो गेल्यावर लिओनाने त्याचा कप बेसिनमध्ये ओतला. "शेडमधल्या फळ्या कुठे गेल्या रे?" म्हणाली.

"कामात लागल्या."

"चारच परत आल्यात."

गोठ्याकडे गेलो. तिथे काही काम नव्हतं.

२५ मे

हार्लनने सापळे लावले होते. वरच्या ओढ्यात, धरणापासून दोन मैलांवर, बीव्हरची एक जोडी सापडली. मेलेली. त्याने ट्रकच्या मागे टाकून गावभर फिरवली. मलाही दाखवली. दात पिवळे, पंजे लहान मुलाच्या हातांसारखे. "हे बघ तुझे गुन्हेगार," म्हणाला.

रात्री जेवलो नाही. लिओनाने चीज भरलेल्या वेरेनिके केल्या होत्या, वर साईचा रस्सा. मी म्हटलं, घसा खवखवतोय. "खाई त्याला खवखवे," म्हणाली आणि झाकण ठेवलं.

२८ मे, रविवार

दुपारी ऑर्फाने फास्पाला बोलावलं. अशा घरात कोण रविवारची कॉफी ठेवतं? पण ती म्हणाली, अंगण कोरडं आहे, आणि पाव मुलीने भाजून दिलेत. लोणी, चीज, आलुबुखारचा मुरंबा. खुर्च्या भिजून फुगल्यात, म्हणून दोन बादल्यांवर काहीतरी आडवं टाकून वर गोधडी घातली होती. मला आग्रहाने तिथेच बसवलं. "तू इथे बस, रूबेन. वरून आलेलं आहे ते."

बसायला अवघड होतं. पाठीकडे कलल्यासारखं. मी म्हटलं, बरंय. ती माझ्याकडे बघत होती. म्हातारपणी माणसं अशी टक लावून बघतात.

मग कोंबड्यांचं बोलत बसली. कुठली कशी होती, कुठली डोळा मारायची. तिचा आवाज कापला नाही. मी दोन पाव खिशात घातले आणि वाटेत फेकले. देवाने दिलेलं अन्न.

२ जून

हार्लनचा फोन. म्हणतो, बीव्हर ते बीव्हर, पण जाळ्या बघणं वर्लिनचं काम होतं. त्याला काढायचा ठराव आणतोय. "ऑर्फा नाही म्हणेल, तिला तो पाठीवर घेऊन गेला ना. म्हणजे तुझ्या मतावर आहे सगळं." मी म्हटलं, विचार करतो.

विचार केला. वर्लिनला मी माझ्या शेतावर ठेवून घेईन. गव्हाच्या कापणीला माणूस लागतोच. त्याचं नुकसान होणार नाही. मग सांगून तरी कुणाचं भलं होणार? जोलीनचा दिवस नासेल. बाबांचं नाव आहे धरणाला. चर्चचं नाव आहे. असं सगळं लिओनाला समजावलं, अर्थात फळ्यांचं वगळून.

ती विणत होती. "वेस पेनरला काय सांगितलं होतंस तू? मला आता नीट आठवत नाही."

मला आठवतं. पानं उलटली की सापडतं.

८ जून, गुरुवार

सभा नेहमी हार्लनकडे होते. ऑर्फाने हट्ट धरला, माझ्या अंगणात घ्या. पाणी जिथे आलं तिथेच बोलू.

बसायला तेच, दोन बादल्यांवरचं. आज गोधडी नव्हती.

ओकची फळी. पाण्याने काळवंडलेली, वार्निश अर्धं सुटलेलं. वरच्या पट्टीत ओळीने तीन गोल भोकं, प्रभुभोजनाच्या इवल्या पेल्यांसाठी पाडलेली. लहानपणी प्रवचन लांबलं की मी अशाच भोकात बोट घालून बसायचो आणि आई हातावर चापटी मारायची. जगात दुसरीकडे कुठे फळीला असली भोकं नसतात.

"बस ना," ऑर्फा म्हणाली. मी बसलो. जागा नव्हती म्हणून वर्लिन माझ्या शेजारी बसला. त्याला स्वतःच्या बडतर्फीला हजर राहायला सांगितलं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

हार्लनने ठराव वाचला. मग म्हणाला, "ऑर्फा?"

"मी शेवटी. आधी रूबेन."

"बरं. रूबेन?"

माझं बोट कधी भोकात गेलं ते कळलं नाही. मान वर केली तर ऑर्फा माझ्या बोटाकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. लिओना कुंपणाशी गाडीत बसली होती, तिलाही. मी एकटाच इतके दिवस आंधळी कोशिंबीर खेळत होतो.

म्हटलं, "बीव्हर नव्हते. मी होतो." मग सगळं सांगितलं, काठापासून फळ्यांपर्यंत. वर्लिनला होडी घालू नकोस म्हणालो तेही.

हार्लनने टोपी काढली, पुन्हा घातली. "आणि मी त्या बिचाऱ्या जनावरांना गावभर मिरवलं," म्हणाला. "त्यांची माफी कोण मागणार आता?"

वर्लिन जमिनीकडे बघून बोलला. "मला माहीत होतं, मिस्टर एडिगर. त्या मंगळवारीच दिसल्या होत्या फळ्या. म्हटलं, नातीचा रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी तुम्ही काढाल असं वाटलं. म्हणून चूक माझीपण आहे."

"मग बोलला का नाहीस? नोकरी चालली होती तुझी."

"तुम्ही मंडळावर. मी गवत कापतो. मी बोललो असतो तर कुणाचं खरं धरलं असतं?"

हार्लन खोकला.

ठराव हार्लनने मागे घेतला. मी मंडळाचा राजीनामा दिला, तो त्यांनी लगेच घेतला. निघताना ऑर्फाला विचारलं, फळी कधी ओळखली. म्हणाली, "त्याच सकाळी. माझ्या मेलेल्या कोंबड्यांवर पडली होती. तुझ्या बापाने धरणाला जमीन दिली, तेव्हा त्याच्या शब्दावर माझ्या नवऱ्याने इथे खाली घर बांधलं. म्हटलं, बघू, पोरगा आपणहून येतो का." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. मान वर करता आली नाही.

कबुली दिली असं इथे लिहायला हात गेला होता. पण ती कबुली नव्हती. पुरावा बुडाखाली आला तेव्हा तोंड उघडलं मी.

११ जून, रविवार

चर्चमध्ये उभा राहून सांगितलं, डीकनपद सोडलं. सगळ्यांनी माफ केलं. मिठ्या मारल्या, बायका रडल्या, पास्टरांनी प्रार्थना केली. दहा मिनिटांत मी धुऊन निघालो. वर्लिन तिथे नव्हता, ऑर्फा मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसून होती. ज्यांचं काही बुडालं नव्हतं ती माणसं मला मोठ्या मनाने माफ करत होती. लाज उतरायच्या ऐवजी आणखी चढली.

बाहेर वेस पेनरने हात पुढे केला. "जड होतं का हो, रूबेनभाऊ?"

म्हटलं, "होतं."

जोलीन आजीच्या गाडीतून घरी गेली. तिला परीक्षा होती म्हणे. जूनमध्ये कसली परीक्षा?

१३ जून

उरलेल्या चार फळ्या ऑर्फाकडे नेल्या. कुठे टाकू विचारलं. "टाकायच्या कशाला? खुराडं बांध," म्हणाली. बांधतोय. वर्लिन दुपारी येतो, खांब धरतो. फारसं बोलत नाही. आज मी वाकडा खिळा ठोकला तर म्हणाला, "तो काढा." काढला.

१७ जून, शनिवार

खुराडं झालं. पेल्यांची भोकं वर ठेवली आहेत, वारा खेळायला. लिओनाने बारा पिल्लं आणली. ऑर्फाने एकीचं नाव लगेच रूबेन ठेवलं. म्हणाली, ही फार मिजासखोर आहे.

संध्याकाळी जोलीन सायकलवर आली. इतक्या दिवसांनी. फाटकाशी उभी राहून म्हणाली, "चर्चमध्ये तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मला नाही सांगितलं." खरं होतं. तिच्याकडे बघून एकदाही नव्हतं सांगितलं. मग तिला खुराड्याच्या पायरीवर बसवून पहिल्यापासून सांगितलं. फांदी कशी दाखवली, वर्लिनच्या खांद्यावर हात कसा ठेवला, हेही. तिला फक्त फळ्यांचं माहीत होतं. बाकीचं सांगायची माझ्यावर कुणी सक्ती केली नव्हती. शेवटी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं ग. तुला टाकीत बुडायला नको म्हणून."

ती भोकातून आत पिल्लांकडे बघत होती.

मग हळूच म्हणाली, "मला टाकी चालली असती, आजोबा. थंड पाण्याची मला लहानपणापासून भीती वाटते. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचं तोंड इतकं पडलं होतं, म्हणून म्हटलं, कुठेही चालेल."

तिने माझा हात धरला. पिल्लांना आत घालून आम्ही कडी लावायला निघालो, आणि तिने ती लावू दिली नाही.